साहेबांच्या हातचा नारिन

ओक्तेरक गावातलं खाण्यापिण्याचं एकूण एक ठिकाण खोसियत ओपांनी, म्हणजे गावाच्या खोसियतताईंनी, आतून पाहिलं होतं, आणि म्हणूनच त्यांतल्या एकाही ठिकाणी त्या घास घेत नसत. सत्तावीस वर्षं त्या गावच्या सॅनिटरी ऑफिसात इन्स्पेक्टर होत्या. ओक्तेरक म्हणजे काही मोठं शहर नव्हे. फरगाना खोऱ्यातल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेलं गाव, एक बाजार, एक बसस्टँड. पण खायच्या जागा मोजून त्रेसष्ट. त्या सगळ्या ओपांच्या वहीत होत्या, आणि ओपांच्या पर्समध्ये दोन उकडलेली अंडी, फडक्यात गुंडाळलेली घरची नान आणि स्वतःचा चमचा.

लग्नाकार्यात मात्र न जेवणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारल्यासारखं. तिथे ओपांनी एक कला साधली होती. ताट समोर घ्यायचं, भात इकडचा तिकडे करायचा, शेजारणीच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा मायेने सरकवायचा, आणि उठताना पोटावर हात ठेवून म्हणायचं, "बास बाई, आता जागा नाही." चाळीसेक लग्नं त्यांनी अशीच उपाशीपोटी तृप्त होऊन काढली होती.

त्यांचे यजमान अब्दुमुताल हे अगदी दुसरं टोक. उभा जन्म त्यांनी बस चालवली, आणि बस जिथे जिथे थांबली तिथे तिथे ते जेवले. रस्त्याकडेचा मांस भरलेला सोमसा, टपरीवरचं सूप, कोण जाणे कधीचे तळलेले मासे, त्यांना काही म्हणता काही वर्ज्य नव्हतं.

"माझं पोट तांब्याचं आहे," ते अभिमानाने सांगत. "आणि वरून शंभर ग्रॅम व्होडका टाकली की आतले जंतू सलाम करून बाहेर पडतात."

"जंतू नाही पडत. तुम्ही पडता," ओपा म्हणत.

बाजारातून ते घरी आले की ओपा आधी त्यांच्या मिशीचा वास घेत. जिऱ्याचा वास आला की संध्याकाळभर अबोला. त्या भीतीने अब्दुमुताल हल्ली खिशात पुदिना ठेवू लागले होते.

ओपांचा हा धसका उगाच नव्हता. तपासणी कशी चालते ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हल्ली तर ऑफिसातून दहा दिवस आधी पत्र जायचं, की अमुक तारखेला आमच्या बाई येतील, तरी आपण अचानक तपासणीसाठी तयार असावं. मग त्या तारखेला सगळे आचारी इस्त्रीच्या पांढऱ्या टोप्या घालून उभे. भिंतीवर खिळ्यांना पाट्यांसारखे टांगलेले कापायचे लाकडी फळे: 'कच्चं मांस', 'शिजलेलं मांस', 'भाजी', 'मासे'. एकेक फळा असा कोरा करकरीत, की त्यावर सुरी कधी टेकलीच नाही हे आंधळ्यालाही दिसावं. प्रत्यक्षात सगळं एकाच ओंडक्यावर कापलं जायचं, आणि तो ओंडका त्या दिवसापुरता मागच्या अंगणात कोंबड्यांखाली लपवलेला असायचा. एका खानावळीत माशांच्या फळ्यावर कोळ्याने जाळं विणलेलं होतं.

"हे काय?" ओपांनी विचारलं.

"आमच्याकडे मासे होतच नाहीत ओपा," मालक म्हणाला. "पण फळा पाहिजे म्हणून नियम आहे ना. आम्ही नियम मोडत नाही."

दुसरीकडे फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता होता. रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा. त्या दिवशी अकरा तारीख होती, आणि तक्त्यावर तीस तारखेपर्यंत सगळीकडे 'चार अंश' लिहून मोकळे झाले होते. ओपांनी फ्रिज उघडला तर आत मालकाचे बूट. उन्हाळ्यात पायाला गार बरे वाटतात म्हणे.

ओपा हे सगळं लिहून आणत. मोठ्या साहेबांच्या टेबलावर कागद ठेवत. आणि वर्षअखेरीला त्याच खानावळीच्या दारावर ऑफिसची पितळी पाटी लागे: 'आदर्श'.

हे मोठे साहेब म्हणजे मिर्झोहिद आका. सहा वर्षांपूर्वी ताश्कंदहून बदली होऊन आले होते आणि ही गोष्ट त्यांनी सहा वर्षांत कुणाला विसरू दिली नव्हती. माणूस तसा वाईट नव्हता. गोड बोलायचा, ऑफिसातल्या प्रत्येकाच्या मुलाबाळांची नावं पाठ. पण दोन गोष्टींचा त्यांना फार अभिमान. एक त्यांचं भाषण आणि दुसरा त्यांच्या हातचा नारिन. नारिन म्हणजे ताश्कंदकरांचा जीव की प्राण. उकडलेल्या कणकेच्या पट्ट्या आणि उकडलेलं घोड्याचं मांस, दोन्ही दोऱ्यासारखं बारीक चिरायचं, तेल, कांदा आणि मिरपूड घालून हाताने कालवायचं आणि गारच खायचं.

"फरगानावाल्यांनो, तुम्हाला पुलाव जमतो," साहेब म्हणायचे. "पण नारिनला बोटं लागतात, बोटं!"

तर अशा या ऑफिसातून खोसियत ओपा जूनच्या शेवटच्या शुक्रवारी निवृत्त होणार होत्या. साहेबांनी ठरवलं की बुधवारीच दणक्यात निरोप द्यायचा. जागा 'दिलकुशो'. गावातलं सगळ्यात मोठं रेस्टॉरंट, झुंबरं, कारंजं, दारावर एक नव्हे तर तीन पितळी पाट्या. मालक इनोमजोन म्हणजे लोण्यात घोळलेला माणूस. त्याने साहेबांचा हात दोन्ही हातांत घेऊन सांगितलं, "ओपांची सेवा म्हणजे आमचं भाग्य."

बुधवारी सकाळी अकराला ओपा परस्पर 'दिलकुशो'च्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. सवय, दुसरं काय. आणि आत पाहतात तर त्यांना चक्कर यायची बाकी राहिली. फळे खिळ्यांवर नव्हते. टेबलावर होते! भाजीच्या फळ्यावर भाजी, मांसाच्या फळ्यावर मांस. फ्रिजमध्ये खरोखर चार अंश. इनोमजोनने चार दिवस घासूनपुसून स्वयंपाकघर लख्ख केलं होतं, कारण अख्खं सॅनिटरी ऑफिस तिथे जेवणार होतं, नुसतं बघायला येणार नव्हतं. बाकीच्या वर्षभर तिथे जेवणाऱ्या गावाचं काय, हा प्रश्न ओपांनी त्या दिवसापुरता गिळला.

सॅलडच्या टेबलाशी मुहय्यो उभी होती. तिशीची, सडपातळ, बोलणं कमी. नवरा रशियात बांधकामावर, घरी दोन मुली. हात कोपरापर्यंत धुऊन ती काकड्या चिरत होती.

"मुहय्यो, मेयोनीज कधी घालणार गं?" ओपांनी विचारलं.

"पाहुणे बसल्यावर ओपा. तुम्हीच मागच्या वर्षी सांगितलं होतं ना."

ओपांनी मागच्या वर्षी त्रेसष्ट ठिकाणी हेच सांगितलं होतं. ते ऐकणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांनी मुहय्योच्या खांद्यावर थोपटलं आणि केस विंचरायला घरी गेल्या.

दोन वाजता बाहेर चाळीस अंश ऊन होतं. एक्केचाळीस पाहुणे, पुरुषांचं लांबलचक टेबल, बायकांचं खिडकीजवळ. चमचे वाजवून साहेब भाषणाला उठले. विषय अर्थातच स्वच्छता. "साथी-मित्रहो, आजाराचं दार कुठलं? तोंड! आणि त्या दाराचा पहारेकरी कोण? आपण!" चाळीस मिनिटं पहारेकरी बोलत होता. सूप गार झालं, बायकांच्या टेबलावर सॅलडचा मात्र फडशा पडला.

भाषण संपलं आणि साहेबांनी टाळी वाजवली. "आता खास ओपांसाठी! सकाळी सहाला उठून मी स्वतः, या हातांनी."

साहेबांचा म्हातारा ड्रायव्हर बाहेर गेला आणि गाडीच्या डिकीतून टॉवेलने झाकलेली मोठी मुलाम्याची परात घेऊन आला. नारिन! इनोमजोनच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर लटकलं. बाहेरचं अन्न रेस्टॉरंटमध्ये आणायचं नाही हा नियम होता. तो नियम ज्यांनी छापून भिंतीवर लावायला लावला होता तेच परात घेऊन आल्यावर तो बिचारा काय बोलणार? त्याने उलट स्वतः धावत जाऊन परातीखाली हात दिला.

आणि मग साहेबांनी आपल्याकडचा तो जुना मानाचा प्रकार सुरू केला. बाह्या सरसावल्या, परातीत हात घातला, बोटांनी घास बांधला आणि एकेका मानकऱ्याच्या तोंडात आपल्या हाताने भरवत सुटले. "आ करा, आ करा! लाजता काय?" तोंड उघडावंच लागतं. मान असतो तो. अब्दुमुताल तर पिल्लासारखे दर वेळी आ वासून पुढे. तीन घास मिळाले त्यांना.

साहेब ओपांसमोर आले तेव्हा ओपांची नजर घासावर नव्हती. ती होती अंगठ्यावर. डाव्या अंगठ्याला मळकट चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीच्या कडेने कातडी लाल, तट्ट फुगलेली.

"साहेब, अंगठ्याला काय झालं?"

"अहो काही नाही. परवा मांस चिरताना सुरी लागली. आ करा."

"माझी दाढ दुखतेय साहेब."

"आज तरी तपासणी सोडा ओपा!" साहेब मोठ्याने म्हणाले, आणि सगळे हसले. ओपांनी रुमाल तोंडाशी धरला. साहेबांनी तो घास शेवटी शेजारी बसलेल्या हिशेबनीस बाईंच्या तोंडात घातला आणि उरलेल्या नारिनचं मोठं पुडकं बांधून ओपांच्या मांडीवर ठेवलं. "घरी नेऊन खा. दाढ बरी झाल्यावर."

पाच वाजता पांगापांग झाली. साडेसहाला अब्दुमुताल अंगणातल्या पलंगावरून उठले, दोन पावलं चालले, आणि द्राक्षाच्या मांडवाला धरून ओकू लागले.

"ऊन लागलं असेल," ते म्हणाले. मग परत ओकले. "किंवा कलिंगड." तिसऱ्यांदा त्यांना बोलायलाही सवड मिळाली नाही. तांब्याचं पोट सातच्या आत कल्हई उडून मोकळं झालं. पाठोपाठ फोन वाजला. गावच्या साथरोग वॉर्डाच्या डॉक्टर शोइरा.

"ओपा, तुमचं ऑफिस बंद झालं का आज?"

"का?"

"कारण ते सगळं आमच्याकडे भरती झालंय. मला अजून खाटा पाहिजेत, बादल्या पाहिजेत आणि कुणीतरी शुद्धीवरचा इन्स्पेक्टर पाहिजे. तुम्ही कशा आहात?"

"मी ठणठणीत आहे," ओपा म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की हे काही फारसं चांगलं दिसणार नाही.

तसंच झालं. नवऱ्याला घेऊन त्या वॉर्डात पोचल्या तेव्हा एकोणीस खाटांवरून अडतीस डोळे त्यांच्याकडे वळले. निरोप यांचा, जेवण यांच्यासाठी, आणि आडवं सगळं जग, उभ्या फक्त याच. "सत्तावीस वर्षांचं उट्टं काढलंत का ओपा?" लॅबवाला भिंतीकडे तोंड करून कण्हला. वॉर्डात नेहमी आल्या क्रमाने खाटा देतात, पण इथे आपोआप हुद्द्याप्रमाणे मांडणी झाली होती. खिडकीजवळ पंख्याखाली साहेब, मग उपसाहेब, मग विभागप्रमुख आणि दाराशी शिपाई. सलाईन लावलेल्या हातानेच साहेबांनी ओपांना जवळ बोलावलं.

"लिहून घ्या," ते क्षीण आवाजात म्हणाले. "कारण: सॅलड. मेयोनीज. उष्णतेमुळे खराब. दोषी: सॅलड करणारी बाई. दिलकुशो पंधरा दिवस बंद. उद्या सकाळी सही करून जिल्ह्याला पाठवा."

"चौकशी न करताच साहेब?"

"चौकशीत काय निघायचं ते मी सांगतोय ना! तुमचे दोन दिवस उरलेत ओपा. शांतपणे घरी जा."

ओपा बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांना एक जुना कागद आठवत होता. नोकरीचं पहिलंच वर्ष. शेजारच्या खेड्यात लग्न, आदल्या दिवशी उकडून ठेवलेल्या कोंबड्या, बासष्ट माणसं आजारी. नवरीची आजी तिसऱ्या दिवशी गेली. कोंबड्या सरपंचाच्या भावाच्या हॉटेलातून आल्या होत्या. तेव्हाच्या साहेबांनी अहवाल लिहिला: 'पाहुण्यांनी कलिंगडावर गार पाणी प्यायल्याने.' खाली दोन सह्या लागत होत्या. दुसरी सही नव्या मुलीची होती, आणि ती मुलगी खोसियत होती. तेव्हापासून बाहेरचा घास त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. लोक समजत, बाई फार चिकित्सक. बाईंना घाण दिसायची हे खरंच, पण त्याच्याही आधी ती सही दिसायची.

गुरुवारी सकाळी आठला त्या वही घेऊन वॉर्डात हजर झाल्या.

"प्रत्येकाने काल काय काय खाल्लं ते सांगायचं. खरं."

खरं सांगणं सोपं नव्हतं. उपसाहेबांनी व्होडका पाणी म्हणून लिहायला लावली. विभागप्रमुख म्हणाले, मला मधुमेह आहे, मी जवळजवळ काहीच खाल्लं नाही. आणि मग चौदा पदार्थ सांगितले. हिशेबनीस बाई रडू लागल्या, की आपण तीन वेळा सॅलड घेतलं हे सासूला कळता कामा नये. अब्दुमुताल तर ऐन दुखण्यात रंगले. "आधी सूप, सॅलड, मग सोमसा दोन, नाही, चार लिही. मग पुलाव. खोसियत, पुलाव काय झाला होता गं! तू खाल्लाच नाहीस. मग साहेबांचा नारिन, तीन घास."

"आणि व्होडका?"

"जंतू मारायला थोडी."

"मेले का?"

अब्दुमुतालनी बादली जवळ ओढली.

वॉर्डातून निघून ओपा घरोघर गेल्या आणि जे आजारी पडले नव्हते त्यांनाही तेच विचारलं. दुपारपर्यंत वहीत उभ्या-आडव्या रेघा भरल्या. सॅलड एकोणचाळीस जणांनी खाल्लं होतं. त्यांतले एकोणीस जण घरी मजेत होते, आणि त्यात बायकांचं टेबल जवळजवळ सगळं, ज्यांनी सॅलडचे वाडगे नानने पुसून खाल्ले होते. नारिन एकवीस जणांच्या तोंडात गेला होता. आजारी वीस. एकविसावा कोण? साहेबांचा ड्रायव्हर.

तो गॅरेजमध्ये गाडी पुसत सापडला. "तुम्ही कसे वाचलात अमाकी?" ओपांनी विचारलं.

म्हाताऱ्याने आजूबाजूला पाहिलं. "सांगू नका कुणाला. साहेबांचा घास मी कधी गिळतच नाही. तोंडात धरतो, मान हलवतो, वा वा म्हणतो आणि मग रुमालात. सहा वर्षं झाली."

"का?"

"सकाळी आठपासून परात डिकीत होती ओपा. दुपारी डिकीत हात ठेवून बघा, पोळतो. आणि त्या अंगठ्याला तीन दिवस पू येतोय. मी पाहिलं होतं ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोललात?" म्हाताऱ्याने विचारलं.

ओपांनी वही मिटली. काल अंगठा पाहून आपण दाढेचं निमित्त केलं आणि आपल्या नवऱ्याला मात्र आ करू दिला, हे त्यांनाही कळत होतं. वहीत हे लिहायला रकाना नव्हता.

तिथून त्या 'दिलकुशो'मध्ये गेल्या. मागच्या दाराशी मुहय्यो पिशवीत आपला एप्रन भरत होती. डोळे सुजलेले.

"मालक म्हणाले, लिहून दे की मेयोनीज सकाळीच घातलं होतं. लिहून दिलंस तर पुढच्या महिन्यात परत घेतो. नाही दिलंस तर पोलीस." तिने नाक पुसलं. "ओपा, मी ते सॅलड घरी नेलं होतं. माझ्या मुलींनी खाल्लं. मला माहीत असतं तर मी माझ्या मुलींना दिलं असतं का?"

"दिलंस का लिहून?"

"अजून नाही."

"मग तो एप्रन परत घाल."

इनोमजोन हात चोळत आला. "ओपा, समजून घ्या. साहेब म्हणाले सॅलड, तर सॅलड. पंधरा दिवस बंद ठेवीन, रंग लावून घेईन. नारिन म्हणालो तर जन्मभर बंद. मला बायकापोरं आहेत."

"तिलाही पोरं आहेत," ओपा म्हणाल्या. "इनोमजोन, सत्तावीस वर्षांत कालच्या एका दिवशी तुझं स्वयंपाकघर खरोखर स्वच्छ होतं. त्या एका दिवसासाठी तू गुन्हा कबूल करणार? बाकीच्या दिवसांसाठी करत असशील तर आत्ता लिहून घेते."

इनोमजोनने थोडा विचार केला, आणि मुहय्योच्या जबाबासाठी आणलेला कोरा कागद टराटरा फाडला.

घरी ओपांच्या फ्रिजमध्ये साहेबांनी दिलेलं पुडकं जसंच्या तसं होतं. अब्दुमुतालनी ते सकाळच्या चहाबरोबर खायला जपून ठेवलं होतं. ओपांनी ते बर्फात घालून, मोहोर लावून जिल्ह्याच्या लॅबकडे बसने पाठवलं, कारण गावचा लॅबवाला खाट क्रमांक अकरावर होता. मग शुक्रवारी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी पांढरा कोट चढवला, हातमोजे घातले आणि डॉक्टर शोइराला बरोबर घेऊन वॉर्डात गेल्या.

बहुतेक मंडळी बरी होऊन उठून बसली होती. साहेब उशीला टेकून ऑफिसची बैठक घेत होते.

"झाला अहवाल?" त्यांनी विचारलं.

"एक नमुना राहिलाय. डावा अंगठा दाखवा."

"ओपा," साहेब हळूच म्हणाले, "तुम्ही कुणाशी बोलताय?"

"खाट क्रमांक एकशी. अन्न तयार करणारी व्यक्ती, हाताला उघडी जखम. नियम तुमच्याच सहीचा आहे साहेब, भिंतीवर लावलाय त्रेसष्ट ठिकाणी."

"मी रेस्टॉरंटचा आचारी नाही!"

"तेच तर मी लिहिणार आहे."

साहेबांनी मदतीसाठी खाटांच्या रांगेवरून नजर फिरवली. उपसाहेब पंखा बघत होते. विभागप्रमुखांना अचानक झोप लागली होती. मग दाराजवळून हिशेबनीस बाईंचा आवाज आला, "दाखवा की साहेब. स्वच्छतेला काय घाबरायचं?" आणि कुणीतरी फिसकन हसलं. दोन दिवस ओकून ओकून माणसांची भीडसुद्धा बाहेर पडली असावी. साहेबांनी हात पुढे केला. शोइराने पट्टी सोडवली, ओपांनी कापसाची काडी टेकवली, बाटलीत घातली, आणि लेबलवर सावकाश, सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. आडनाव, हुद्दा, सगळं.

"दुखलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. आणि थोड्या वेळाने, फक्त ओपांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चव तर चांगली होती ना?"

"सगळे म्हणतात अप्रतिम होती."

दुपारी अहवाल जिल्ह्याला गेला. सहा पानं, एक सही. मंगळवारी शोइराने घरी फोन करून निकाल सांगितला. पुडक्यात आणि अंगठ्यात एकाच जातीचे जंतू. जिल्ह्याने अहवाल बारकाईने वाचला आणि त्याची एका पानात दुरुस्ती केली. 'स्रोत: रेस्टॉरंटशी संबंध नसलेली एक व्यक्ती. संबंधित व्यक्तीस तोंडी समज देण्यात आली.' व्यक्तीचं नाव कुठेच नव्हतं. पण 'दिलकुशो' बंद झालं नाही, मुहय्योवर ठपका आला नाही, आणि कलिंगडाचं नाव कुठे निघालं नाही. ओपांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. निदान खोटं नाही." रात्री त्यांना छान झोप लागली.

मिर्झोहिद आकांची दीड महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी बदली झाली. तिथे ते नव्या इन्स्पेक्टरांना शिकवतात. विषय: वैयक्तिक स्वच्छता. भाषण उत्तमच देतात, त्यात वाद नाही. निरोपसमारंभाला त्यांनी नको म्हटलं, आणि ऑफिसातल्या कुणी आग्रहही केला नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मुहय्यो ओपांच्या दारात आली. बरोबर अजून दोन बायका, एक बसस्टँडवरच्या खानावळीतली, एक सोमसेवाली. मुहय्यो उंबऱ्याशीच चुळबुळत म्हणाली, "ओपा, तुम्ही लिहून नेता ते आम्हाला कधी कुणी समजावून सांगतच नाही. मालक म्हणतो टोपी घाला, आम्ही घालतो. फळा टांगा, टांगतो. कशासाठी ते सांगाल का?"

"आता मी कुणी नाही गं. पेन्शनवाली."

"म्हणून तर आलो," सोमसेवाली म्हणाली. "इन्स्पेक्टरला कोण विचारणार?"

दर गुरुवारी 'दिलकुशो'च्या स्वयंपाकघरात वर्ग भरायचा ठरला. इनोमजोनने जागा दिली आणि वर स्वतःच सगळ्यांना चहाही पाजला. पहिल्या गुरुवारी अकरा बायका आल्या. ओपा म्हणाल्या, आज फक्त हात धुवायचे. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एवढं का आम्हाला येत नाही? ओपांनी एकीला नळाशी उभं केलं. तिने बोटं ओली केली आणि एप्रनला पुसली. दुसरीने साबण घेतला, पण अंगठ्या काढल्या नाहीत. तिसरीने सगळं नीट केलं आणि शेवटी त्याच हातांनी ओघळणारं नाक पुसलं. मग मात्र हशा पिकला, आणि प्रत्येकीला पुन्हा करून बघायचं होतं. नळ एकच, पाण्याला जोर नाही, नखाखालची कणीक निघता निघेना. वर्ग संपायला दुपार झाली.